अनधिकृत मजला

चालू, बंद, फुटका, पाण्यात पडलेला, कसलाही मोबाईल द्या आणि प्लास्टिकचा टब घेऊन जा, असं ओरडत एक भोंगा आमच्या आकुर्डीच्या गल्ल्यांतून सायकलवर फिरतो. मोबाईलची कंपनी, मॉडेल, रॅम यांत भोंग्याला काडीचा रस नाही. तीस हजारांना घेतलेला असो नाहीतर तीन हजारांना, टब तोच. फार घासाघीस केली तर वर एक मग. समता या देशात कुठे पुरती उतरली असेल, तर ती या सायकलच्या कॅरिअरवर.

पण काही घरांवरून भोंगा नुसताच घसा कोरडा करून जातो. ही घरं ओळखायला सोपी. खाली पार्किंगमध्ये गोणपाट पांघरलेली चेतक असते, माळ्यावर ‘लागेल कधीतरी’ या एकाच विषयाची खोकी असतात आणि घरातला कर्ता पुरुष आयुष्यभर कुठल्यातरी कंपनीत टूलरूमला नाहीतर मेंटेनन्सला राबलेला असतो. अशा माणसाच्या लेखी ‘बंद पडलेलं’ अशी अवस्थाच नसते. ‘अजून उघडून बघितलेलं नाही’ एवढीच असते.

आमच्या मजल्यावरचे काका याच पंथाचे. निवृत्त झाले तरी ते गुरुवारीच दाढी करत नाहीत, कारण गुरुवार हा या औद्योगिक पट्ट्याचा रविवार. त्यांच्याकडे मुलाने कधीकाळी वापरून सोडलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस टू आहे. मुलाने त्यानंतर बरेच फोन बदलले, शहर बदललं, देशही बदलला. फोन मात्र काकांच्या खोक्यात शाबूत.

या फोनांची एक गंमत असते. पडदा स्वच्छ असतो, स्पीकर ठणठणीत असतो, बटणं दाबली जातात, आणि तरी एक दिवस ठरतं की याला आता नवं अँड्रॉइड मिळायचं नाही. एस टू २०११ मध्ये आला तेव्हा त्याचा थाट होता. ड्युअल कोअर प्रोसेसर, १ जीबी रॅम, ४.३ इंची सुपर अमोलेड प्लस पडदा, ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा. तो आला अँड्रॉइड २.३ घेऊन, आणि अधिकृतपणे पोचला ४.१.२ पर्यंत. तिथे त्याचं शिक्षण थांबलं. जग थांबलं नाही. ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या खालच्यांना व्हॉट्सअ‍ॅपने दार बंद केलं, म्हणजे एका अर्थी नातेवाइकांनीच वाळीत टाकलं. वेबसाइट खरी की भामटी हे फोनला ज्या प्रमाणपत्रांवरून कळतं, त्यांची यादी त्याच्या पोटात जन्मतःच भरलेली असते. ती शिळी झाली की तो सभ्य वेबसाइटांकडेही संशयाने बघायला लागतो. वय झालं की होतंच तसं.

यात दोष एकट्या फोनवाल्याचा असतो असंही नाही. नवं अँड्रॉइड बसवायचं तर आतल्या चिपचे ड्रायव्हर नव्याशी जुळवून लिहावे लागतात. ते लिहायचे चिपवाल्याने, आणि त्याला पुढची चिप विकायची असते. झालं.

पण ‘आता याला सपोर्ट नाही’ हे वाक्य कुठे उच्चारावं याचा काही पोच असतो. ते आकुर्डीत, भोसरीत, चिंचवडमध्ये उच्चारू नये. जुन्या लेथवर, मिलिंग मशिनवर नवं कंट्रोल पॅनेल आणि नवे मोटर-ड्राइव्ह बसवून त्याला पुन्हा कामाला जुंपणं, ज्याला रेट्रोफिट म्हणतात, हा इथे रीतसर धंदा आहे. मशिन बनवणारी कंपनी बुडालेली असते, मॅन्युअल उंदरांनी खाल्लेलं असतं, आणि मशिन मात्र तीन पाळ्यांत जॉब काढत असतं. मशिन भंगार झालं की नाही, हे बनवणाऱ्याने ठरवायचं नसतं. ते फिटर ठरवतो.

आणि चेतकचं तरी काय? १९६० च्या सुमारास बजाजने इटलीच्या पियाजिओकडून परवाना घेऊन व्हेस्पा बनवायला घेतली. १९७१ मध्ये परवाना संपला. परवाना संपला म्हणून आकुर्डीच्या कारखान्याने हातपाय गाळले नाहीत. १९७२ मध्ये त्याच घराण्याची स्कूटर चेतक या नावाने बाहेर पडली आणि लोक तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत बसले. मूळ मालकाचा पाठिंबा गेला, नाव बदललं, यंत्र चालू राहिलं. आता बघा, जुन्या फोनांवर नवं अँड्रॉइड चढवणाऱ्यांची पंढरी म्हणजे सायनोजेनमॉड. स्टीव्ह कोंडिक नावाच्या अमेरिकन गृहस्थाने २००९ मध्ये सुरू केलेलं. अँड्रॉइडचा मूळ कोड गूगल खुला ठेवतं, त्यामुळे ज्याला वेळ आणि अक्कल आहे त्याने तो घ्यावा, आपल्या फोनाच्या मापाने बेतावा आणि चढवावा. पुढे त्याची कंपनी झाली, आणि २०१६ च्या डिसेंबरात त्या कंपनीने आपल्या सेवांचा गाशा गुंडाळला. ज्यांनी फुकटात काम केलं होतं त्यांनी लगेच तोच कोड उचलला, लिनिएज ओएस अशी नवी पाटी लावली आणि काम पुढे चालू. काकांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग त्यात काय. आपण बहात्तर सालीच केलं.” ‘आपण’ म्हणजे आकुर्डी.

(चेतक २०२० मध्ये परत आली ती विजेवर चालणारी, आणि २०२२ पासून तिचा कारखाना पुन्हा आकुर्डीतच आहे. जुनं नाव, पत्र्याचीच बॉडी, आत अख्खी यंत्रणा नवी, शिवाय मोबाईलचं अ‍ॅप. काका तिच्याकडे आदराने बघतात, पण तिरकी करून किक मारायची सोय नाही म्हणून हळहळतात.)

आपल्याकडे या सायनोजेनने एकदा थेट कोर्टाची पायरी चढायला लावली होती. डिसेंबर २०१४ मध्ये वनप्लस वन भारतात विकायला आला होता सायनोजेन घेऊन, आणि भारतापुरते सायनोजेनचे हक्क आपल्यालाच मिळाले आहेत असं सांगत मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली. काही दिवस विक्रीवर बंदीही आली. ज्या गोष्टीचा जन्मच मुळात ‘कुणाची परवानगी लागते?’ या प्रश्नातून झाला, तिच्या एकाधिकारासाठी भांडण. पाठोपाठ मायक्रोमॅक्सने ‘यू’ या नावाखाली युरेका हा फोन ८,९९९ रुपयांना आणला. या मंडळींत प्रत्येक फोनाला एक सांकेतिक नाव असतं आणि बोलताना तेच वापरायची रीत आहे. वनप्लस वनचं नाव बेकन. मोटो जीचं फाल्कन. नेक्सस फाइव्हचं हॅमरहेड, म्हणजे शार्क मासा. आणि आपल्या युरेकाचं टोमॅटो! त्याच्या भावंडांची नावं लेट्यूस, जिलबी आणि सांबार. ससाणे आणि शार्कांच्या कळपात भारताने पाठवलेली ही पंगत. तेव्हापासून होस्टेलांतून “जिलबीचं नवं बिल्ड आलं का रे?” आणि “टोमॅटो ब्रिक झाला” अशी वाक्यं ऐकू यायला लागली, आणि भेटायला आलेल्या आईवडिलांना मेसचं जेवण बरं दिसत नाही एवढा बोध झाला.

मराठी माणसाने मात्र हा खटाटोप सुरुवातीला हौसेने केला नव्हता. नाइलाजाने केला होता. अँड्रॉइडचे सुरुवातीचे फोन ज्यांनी वापरले त्यांना आठवत असेल, त्यांवर मराठी म्हणजे रिकाम्या चौकोनांची रांग. कुणी लग्नपत्रिका पाठवो नाहीतर शोकसंदेश, दिसायचे चौकोनच, आणि कोणते चौकोन आनंदाचे हे अंदाजाने ठरवावं लागे. मग कुणीतरी ऑपेरा मिनीतली ती गुप्त सेटिंग सांगे, की ज्याने अक्षरं चित्र होऊन उमटायची. वाचता यायची, पण तेवढ्या एका ब्राउझरपुरती. बाकी फोनावर मराठी हवी तर फोन रूट करायचा, म्हणजे कंपनीने लावलेलं आतलं कुलूप फोडायचं, आणि देवनागरी फॉन्ट चोरून आत ठेवायचा. एवढं करूनही जोडाक्षरं नीट जुळतीलच असं नव्हतं. वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजारच्याच्या गळ्यात पडायची. पुढे कंपनीच्या अँड्रॉइडमध्येच देवनागरी आली, आणि अँड्रॉइड ५ पासून, म्हणजे २०१४ च्या अखेरीपासून, अख्खा फोनच मराठीत करता यायला लागला. एस टूची मजल ४.१ ला संपलेली. म्हणजे तो मराठी वाचू शकत होता, बोलू शकत नव्हता.

काकांच्या डोक्यात ठिणगी पडली ती नेमकी इथे. काकूंना फोन मराठीतून हवा होता. नवा घेतला असता तर प्रश्न दहा हजारांत मिटला असता, पण प्रश्न इतक्या सहज मिटवणं काकांच्या स्वभावात नाही. त्यांनी भाच्याला बोलावलं. भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे ज्या वयात सगळं येतं त्या वयाचा.

“मामा, सोप्पंय. बूटलोडर, रिकव्हरी, वाइप, फ्लॅश. अर्ध्या तासात अँड्रॉइड बारा.”

“बारा? आत्ता कितीवर आहे?”

“चार.”

“मधले?”

“मधले लागत नाहीत, मामा.”

काकांना हे आवडलं नाही. पाया न घालता थेट वरचा मजला. पण पिंपरी-चिंचवडात राहणाऱ्या माणसाने याला नावं ठेवावीत? अर्ध्या-पाऊण गुंठ्यावर, नकाशा मंजूर न करता, भाऊ वाढतील तसे मजले वाढवत हे शहर उभं राहिलं. अनधिकृत बांधकामावरचा शास्तीकर माफ करा, या एका मागणीवर इथल्या निवडणुकांमागून निवडणुका लढवल्या गेल्या आणि २०२३ मध्ये तो माफ होईपर्यंत तीच घोषणा चालली. एस टूवर अँड्रॉइड बारा चढवणं हे थेट त्या परंपरेतलं बांधकाम आहे. खाली पाया २०११ चा, चारशे फुटांचा. त्यावर कुणा परदेशस्थ भल्या माणसाने फावल्या वेळात, एक पैसा न घेता, नवा मजला चढवलेला. कंपनीने मूळ अँड्रॉइडला आत अर्ध्या जीबीची खोली दिली होती. बाराव्या मजल्याचं सामान त्यात मावत नाही. म्हणून आधी पिट नावाची एक फाइल टाकून आतल्या भिंती पाडायच्या आणि खोल्यांची मापं बदलायची. भिंत पाडताना चुकीचा खांब गेला, म्हणजे चुकीची पिट फाइल गेली, तर फोनाची वीट होते. ब्रिक म्हणतात तिला. तिच्या बदल्यात मात्र टब मिळतो.

काकांनी तयारी टूलरूमच्या शिस्तीने केली. फोनाचा आयएमईआय क्रमांक ज्या ईएफएस नावाच्या कप्प्यात असतो त्याची आधी प्रत काढायची असते, कारण तो कप्पा गेला की फोन निनावी होतो आणि सिम ओळखत नाही. भाचा म्हणाला, “लॅपटॉपवर ठेवलीय.” काकांनी तीच पेनड्राइव्हवर घेतली, पेनड्राइव्ह पाकिटात घातला, पाकिटावर तारीख टाकली आणि एलआयसीच्या फाइलमध्ये लावलं. काकूंना सांगून ठेवलं, “मला काही झालं तर हे इथे आहे.”

मग जिग. जुन्या सॅमसंग फोनांत एक फ्लॅश काउंटर असायचा. बाहेरचं सॉफ्टवेअर किती वेळा घातलं याची नोंद फोन स्वतःच ठेवायचा आणि सुरू होताना पिवळा त्रिकोण दाखवून चारचौघांत लाज काढायचा. तो काउंटर शून्यावर आणायचा उपाय लोकांनी शोधला होता. मायक्रो यूएसबीच्या चौथ्या आणि पाचव्या पिनमध्ये सुमारे ३०० किलोओहमचा रेझिस्टर जोडायचा, तीच ही जिग. शंभरचे तीन एकापुढे एक लावले तरी चालतात. वॉरंटी संपून दशक उलटलेल्या फोनाला हे लपवायची गरज काय, असं भाच्याने विचारलं. बरोबर विचारलं. पण काकांनी सोल्डरिंग आयर्न आधीच गरम करत ठेवलं होतं. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढं तेज मी मुलीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

कार्यासाठी मुहूर्त अर्थातच गुरुवारचा. आणि गुरुवारीच दुरुस्तीच्या नावाखाली आमच्याकडची वीज जाते, हे या पट्ट्यात शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. भाच्याला नव्हतं, तो पुण्यातला. काकांचा डेस्कटॉप यूपीएसवर, यूपीएस स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर, आणि बॅटरी काकांच्या विश्वासावर.

फोन डाउनलोड मोडला न्यायचा तर आवाज कमी करायचं बटण, होमचं बटण आणि पॉवरचं बटण एकदम दाबून धरायचं. रिकव्हरीला न्यायचा तर आवाज वाढवायचं, होम आणि पॉवर. या दोन मुद्रांत एका बटणाचा फरक आहे आणि तो चुकला की फोन नेहमीसारखा सुरू होतो व सगळे “अर्रर्र” म्हणतात. पडद्यावर इशारा येतो, की बाहेरच्या ऑपरेटिंग सिस्टिममुळे गंभीर अडचणी येऊ शकतात. काकांनी तो चष्मा लावून पूर्ण वाचला. माझ्या माहितीत तो पूर्ण वाचणारा हा पहिला माणूस. मग संगणकावर ओडिन उघडलं. सॅमसंग फोनात सॉफ्टवेअर भरायचं हे हत्यार. नाव उत्तर युरोपातल्या देवाचं. हिरवी पट्टी सरकायला लागली आणि वीज गेली.

यूपीएसने किंकाळी फोडली. पट्टी निम्म्यावर. भाच्याचा चेहरा पांढराफटक. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “झाला का मराठी?” कुणी उत्तर दिलं नाही. पट्टी सरकत राहिली, स्कूटरची बॅटरी कण्हत राहिली आणि अखेर खोक्यात हिरव्या अक्षरांत ‘पास’ उमटलं. काकांनी यूपीएसच्या पाठीवर थोपटलं. फोनाकडे बघितलंही नाही.

पुढचं वाइप आणि फ्लॅश रिकव्हरीतून झालं, पण नव्या अँड्रॉइडची पहिली सुरुवात फार वेळ घेते. लिनिएजचं चिन्ह, एक कमान आणि तिच्यावरून फिरणारा गोळा, फिरत राहतं. हे नुसतं सावकाश सुरू होणं आहे की कधीच न संपणारं बूटलूप, हे त्या काळात ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. दोन चहा झाले. फोन उघडला, भाषा विचारली, यादीत खाली सरकल्यावर ‘मराठी’ होतं, आणि काकूंचा फोन काकूंशी बोलता झाला. ‘व्यत्यय आणू नका’ हे सेटिंग त्यांना विशेष आवडलं. त्यांनी ते काकांना मोठ्याने वाचून दाखवलं.

आता हिशोब. अशा रॉमसोबत, म्हणजे बाहेरून बेतलेल्या अँड्रॉइडसोबत, काय चालतं आणि काय चालत नाही याची एक यादी येते. चालत नाही या यादीत साधारणपणे त्याच गोष्टी असतात ज्यांसाठी माणूस फोन घेतो. काकांच्या फोनात कॅमेरा त्याच्या मर्जीने उघडतो. व्हॉट्सअ‍ॅप चालतं, पण १ जीबी रॅममध्ये अँड्रॉइड बारा बसल्यावर व्हॉट्सअ‍ॅपला उभं राहायलाच जागा उरते, त्यामुळे ‘शुभ सकाळ’ दुपारी पोचतं. फोन थ्रीजीच्या काळातला. एअरटेलने थ्रीजी २०२० च्या सुमारास आवरलं, जिओवर तर फोरजीच्या खालचं काही नव्हतंच, म्हणून त्यांचं सिम यात जिवंतच होत नाही. थोडक्यात, मेंदू बाराचा, जीभ टूजीची. घराबाहेर तो फक्त फोन आहे, आणि घरात वायफायवर थोडा जास्त.

बँकेचं अ‍ॅप मात्र आतच घेत नाही. मालक तोच, खातं तेच, पासवर्ड तोच, तरी फोन अनधिकृत म्हणून दारातूनच परत. गूगलची प्ले इंटिग्रिटी नावाची तपासणी आहे, तीत असे फोन पकडले जातात. तिला चकवायचे उपाय भाच्याकडे होते. ते त्याने करू नयेत असं माझं स्पष्ट मत पडलं, आणि ते अजून तसंच आहे. वर मजला नवा असला तरी तळातला कर्नल आणि चिपचं सॉफ्टवेअर जुन्याच जमान्याचं राहतं, त्यातली भोकं कुणी बुजवलेली नसतात. पेन्शनचे पैसे त्या घरात ठेवू नयेत. शास्तीकर माफ झाला म्हणून खांब जाड होत नाहीत.

मग फायदा काय, असं आमच्या सोसायटीच्या चेअरमननी विचारलंच. त्यांना फायदा सांगता येत नाही. फोन आता फोडणीच्या डब्याशेजारी उभा असतो. काकू त्यावर रेडिओ आणि कीर्तनं ऐकतात, पाककृती बघतात, आणि अडकला की मराठीतून त्याला चार शब्द सुनावतात. एवढ्या कामाला तो पुरून उरतो. काका त्याला वापरत नाहीत. त्यांना वापरायचा नव्हताच. ते आता भाच्याच्या मित्राच्या फोनामागे लागले आहेत. एका चिनी कंपनीचा आहे, आणि त्याचं कुलूप उघडायची परवानगी मागितली की कंपनी सात दिवस थांबा म्हणते. “आपलाच फोन, आणि आपल्यालाच वेटिंग?” असं म्हणताना त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. चेतकसाठी थांबलेल्या माणसाला सात दिवस म्हणजे काहीच नाही.

एकच अडचण उरली आहे. एस टूची मूळ बॅटरी १६५० मिलिअँपिअरची, मागचं झाकण काढून बदलता येणारी. तिला आता पोट सुटलं आहे आणि झाकण नीट बसत नाही. बाजारात मिळतात त्यांच्यावर छापलेला आकडा आणि आत भरलेला माल यांचा फारसा संबंध नसतो, असं काकांचा मल्टिमीटर सांगतो. तेव्हा कुणाच्या कपाटात ही मूळ बॅटरी पडून असेल आणि फुगलेली नसेल, तर कृपा करून भोंग्याला देऊ नका. काका स्वतः घ्यायला येतील, गुरुवारी. बदल्यात टबही देतील.